चिठ्ठीवर ‘पारावर बसा’ लिहिलं, पण ते औषध कोणत्या खिडकीवर मिळणार?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या आरोग्य पुरवणीत सोशल प्रिस्क्रायबिंगवर लेख आला होता, म्हणजे डॉक्टरनं पेशंटला गोळीसोबत किंवा गोळीच्या ऐवजी बागकाम, गाण्याचा ग्रुप, चालायचा ग्रुप, कर्जाचा सल्ला असं काहीतरी लिहून द्यायचं. तो लेख आमच्या गावच्या ग्रुपवर पण फिरला आणि त्यावर दोनच प्रकारच्या प्रतिक्रिया आल्या. अर्धे म्हणाले हे गोऱ्यांचे चोचले आहेत, इथं कुत्रा चावल्याची लस वेळेवर मिळेना आणि हे चालले गाणं लिहून द्यायला. बाकीचे म्हणाले यात नवीन काय, आपल्याकडं पार होता, भजन होतं, एकत्र कुटुंब होतं, त्यांनी आपलंच उचललं. मला दोन्ही पटलं नाही म्हणून लिहितोय, पत्र लांबलंय, कापायचं तिथं कापा पण निराधारचं आणि आशांचं जे लिहिलंय ते तेवढं राहू द्या.

माझी ओळख एवढीच की सरकारी नोकरीत औषध निर्माण अधिकारी होतो, साध्या भाषेत पीएचसीच्या म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषध खिडकीच्या आतला माणूस. आता रिटायर आहे. आमचा भाग दर्यापूरकडचा, खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी खारट म्हणून ओलीत जवळपास नाहीच, सगळं पावसाच्या भरवशावर, कापूस तूर सोयाबीन आणि पाऊस चांगला झाला तर हरभरा. पोरं पुण्याला नाहीतर चाकणला. शकुंतला रेल्वे होती तीपण बंद पडली. पीएचसीत डॉक्टर बदलत राहतात, सरकारी सेवेच्या बाँडवर आलेले येतात नि पीजीची तयारी करून निघून जातात, खिडकीतला माणूस मात्र वर्षानुवर्षं तोच, त्यामुळं कोण कशासाठी येतं हे त्याला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं. डॉक्टर लोकांना राग येईल पण आहे ते आहे.

ओपीडीत निम्म्यांच्या हातात एकच चिठ्ठी असते, बी कॉम्प्लेक्स, कॅल्शियम, पॅरासिटामॉल, पोटात जळजळ सांगितली असेल तर पॅन्टॉप. तक्रार काय तर अंग दुखते, डोकं जड वाटते, झोप नाही, हातापायाला मुंग्या, कुठंच मन लागत नाही. निंदण डवरणीच्या दिवसात ही गर्दी एकदम कमी होते आणि कामं सरली की वाढते, मजुरी असली की अंग दुखायला पाहिजे ना, उलटं होतं. यातल्या काहींना खरंच रक्त कमी असतं, थायरॉइड असतं, ते तपासलंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण बऱ्याच जणांना गोळी नको असते, आणि गोळीशिवाय दुसरं काही द्यायला आमच्या खिडकीत नसतं.

एक बुढा यायचा बाजाराच्या दिवशी हमखास. बायको वारलेली, पोरगा सून चाकणला, स्वतःच दोन भाकरी थापायचा आणि दोन दिवस खायचा. तक्रार दरवेळी वेगळी, बीपी पाहिला तर ठीक, शुगर ठीक. गोळ्या घेतल्यावरही घरी जायचा नाही, बाहेर कडुलिंबाखालच्या बाकड्यावर बसून राहायचा, ओपीडी बंद होऊन सिस्टर कुलूप लावेपर्यंत, येणाऱ्या जाणाऱ्याला कोणत्या गावचा, कोणाचा, कापूस किती झाला हे विचारत. तेव्हा एक तरुण डॉक्टर आले होते, हुशार आणि मनानं चांगले, त्यांनी एक दिवस त्याला नीट वेळ दिला आणि केसपेपरवर खाली मराठीत लिहिलं, रोज संध्याकाळी पारावर बसणे, आठवड्यातून दोनदा भजनाला जाणे. बुढा तो केसपेपर घेऊन खिडकीवर आला, गोळ्या दिल्या तरी हलेना, म्हणतो, “भाऊ, शेवटची दवाई द्याची रायली ना.” मी वाचून दाखवलं, म्हटलं बाबाजी ही दवाई नाही, डॉक्टर म्हणतात पारावर बसत जा. तो म्हणाला, “पारावर कोन हाये आता? जे हाये ते मोबाईल पायते. भजनातला पेटीवाला मेला, तबल्याचं चामडं फाटलं, कोनी भरून नाई आनलं. मंग मी इथंच बसतो ना.” आणि गेला बाकड्यावर.

डॉक्टरांनी लिहिलं ते बरोबरच होतं. फक्त ते औषध स्टॉकमध्ये नव्हतं. कोणतीही साधी गोळी पेशंटच्या हातात पडायच्या आधी तिचा इंडेंट म्हणजे मागणीपत्र जातो, जिल्ह्यावरून पुरवठा येतो, स्टॉक बुकात नोंद, कॉम्प्युटरवर ई-औषधीत एन्ट्री, एक्सपायरी बघणं, आणि संपली तर वरून विचारणा होते की का संपली. पारावर बसण्याचा इंडेंट कोण टाकणार? भजनी मंडळ एक्सपायर झालं हे कोणाच्या रजिस्टरला आहे?

तुमच्या लेखात इंग्लंडातल्या हसऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो छान होते पण ज्या माणसावर ही सगळी गाडी चालते त्याला दोन ओळी दिल्या होत्या. तिथं त्याला लिंक वर्कर म्हणतात. डॉक्टर फक्त पाठवतो, पुढं हा लिंक वर्कर पेशंटसोबत बसतो, घाईत नाही, नीट बसतो, याला खरं काय सतावतंय ते काढतो, एकटेपणा आहे, घरभाडं थकलंय, कर्ज आहे, नवरा गेलाय, वजन वाढलंय, मग गावात काय काय चालतं त्याची यादी त्याच्याकडं असते, त्यातून जुळेल ते शोधतो आणि पहिल्या वेळी कित्येकदा स्वतः सोबत जातो. हा पगारी माणूस आहे. २०१९ च्या जानेवारीत त्यांच्या एनएचएसनं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य सेवेनं, जो लांब पल्ल्याचा आराखडा काढला त्यात असे १ हजारांवर लिंक वर्कर नेमायचं आणि २०२३-२४ पर्यंत ९ लाखांवर लोकांना या मार्गानं पाठवायचं असं लिहिलं होतं, आणि त्यासाठी पैसा वेगळा धरला होता. तिथं डॉक्टरांचे दवाखाने मिळून जे नेटवर्क केलेत ते साधारण ३० ते ५० हजार लोकसंख्येचं असतं. आपल्या सपाट भागातली पीएचसी पण कागदावर ३० हजारांचीच. म्हणजे हिशोब जुळतो, माणूस तेवढा नाही.

आणि हे काही कोणी मंत्रालयात बसून एका रात्रीत काढलेलं नाही. लंडनच्या पूर्वेला ब्रॉम्ली बाय बो म्हणून गरीब वस्ती आहे, तिथं १९८४ मध्ये एका जुन्या चर्चच्या आसऱ्यानं लोकांनी सुरुवात केली, आधी लोक जमायची जागा झाली, दवाखाना मागून आला. आपल्याकडं बरोब्बर उलटं, आधी इमारत, मग बोर्ड, मग बोर्डाचं नाव बदलतं. उपकेंद्राचं २०१८ नंतर हेल्थ अँड वेलनेस सेंटर झालं, मग आयुष्मान आरोग्य मंदिर झालं, रंग तेवढ्या वेळा मारून झाला. मी टोमणा मारत नाहीये, तिथं सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी बसायला लागले, बीपी शुगरच्या गोळ्या गावात मिळायला लागल्या हे खरंच मोठं काम झालं, पूर्वी महिन्याच्या गोळीसाठी म्हातारी माणसं दिवस मोडून तालुक्याला जायची.

त्याच केंद्रासाठी आशा घरोघर जाऊन एक फॉर्म भरते, सीबॅक म्हणतात, तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा. तंबाखू खाता का, दारू पिता का, कंबर किती, घरात कोणाला शुगर आहे का असं बरंच त्यात आहे. आणि शेवटी शेवटी दोन प्रश्न आहेत मनाचे, गेल्या दोन आठवड्यांत कामात रस कमी वाटला का, उदास निराश वाटलं का. मला विचाराल तर अख्ख्या फॉर्ममधले हेच दोन सगळ्यात जड प्रश्न. ओट्यावर बसून, सासू समोर, शेजारीण कान लावून, अशा वेळी बाई काय उत्तर देणार, “नाई वं, बरं हाये.” आणि समजा एखादी हो म्हणाली तर? आशा तिला सीएचओकडं पाठवणार, सीएचओ पीएचसीला, पीएचसी जिल्ह्याच्या मनोविकार विभागाला, जायला बस नाही, बुडालेली मजुरी कोण देणार, चार लोक काय म्हणतील. प्रश्न विचारायची सोय झाली, उत्तर ऐकून घेतल्यावर काय करायचं त्याची नाही.

विदर्भात हे होऊ शकत नाही असं कोणी म्हणत असेल तर त्यांनी आमच्याच अमरावती जिल्ह्याकडं बघावं. इथल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला होता, गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना आणि डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांना शिकवून तयार केलं, गावात बैठका घेतल्या, ताणतणावावर उघड बोलायला सुरुवात केली, बोलून भागतं त्यांच्याशी बोलले आणि ज्यांना गोळीच लागते त्यांना मानसोपचारतज्ज्ञापर्यंत नेलं. त्याचा निकाल २०१७ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सुरुवातीला डिप्रेशन असलेल्यांपैकी फक्त ४.३ टक्के लोक उपचारापर्यंत पोचत होते, १८ महिन्यांनी तेच २७.२ टक्के झाले. सहा पट. डॉक्टर वाढले म्हणून नाही झालं हे, मधला माणूस उभा केला म्हणून झालं. नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ नावाचा असाच कार्यक्रम झाला, पुढं गुजरातच्या मेहसाणात गेला, त्यात तर गावचे स्वयंसेवक ऐकून घेण्यासोबत पेन्शन, अनुदान असल्या सरकारी योजनांपर्यंत पण लोकांना पोचवायचे. आणखी मागं जायचं तर गडचिरोलीला बंग डॉक्टर दांपत्याच्या सर्च संस्थेनं गावातल्याच बायांना शिकवून घरी बाळंतपण झालेल्या बाळांची काळजी घ्यायला लावली, १९९९ मध्ये लॅन्सेटला आलं की नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा गावातली कमी शिकलेली बाई काय करणार हा प्रश्न निदान विदर्भात तरी कोणी विचारू नये.

आता ‘आपल्याकडं आधीच होतं’वाल्यांसाठी. होतं, मान्य. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना आमच्या भागात गावोगाव व्हायची, काही गावांत अजून होते, संध्याकाळी सगळे एका जागी, मग गावातल्या अडीअडचणीवर बोलणं, कोणाचा बैल मेला, कोणाच्या घरी चूल नाही पेटली ते तिथंच कळायचं. गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातले, त्यांनी झाडू हातात घेऊन आधी गाव गोळा केला आणि मग कीर्तन केलं. पण पार म्हणजे काय सगळ्यांचा होता का हो? पारावर बाई बसली होती का कधी? पूर्वी खालच्या वस्तीतला माणूस पाराच्या कोणत्या बाजूला उभा राहायचा हे जुन्या लोकांना विचारा, अजून सांगणारे जिवंत आहेत. त्यामुळं डॉक्टरनं एखाद्या विधवा बाईला चार लोकांत मिसळा असं लिहून दिलं तर ती कुठं मिसळणार? देवळात हळदीकुंकवाला तिला बोलवत नाहीत, पारावर ती बसू शकत नाही, विहारात जाणाऱ्या बायांचं थोडं बरं आहे, तिथं निदान रविवारी एकत्र बसणं होतं. राहिला बचत गट. बचत गटानं बायांना घराबाहेर काढलं हे नक्की पण आता बऱ्याच गटांची मीटिंग म्हणजे हप्ता कोणाचा थकला एवढाच विषय, वरून फायनान्स कंपनीवाल्याची गाडी दारात. जिचा हप्ता थकलाय तिला डॉक्टर म्हणणार गटात जा मन मोकळं होईल, आणि ती तर गटाच्या भीतीनंच झोपत नाहीये.

म्हणून माझं म्हणणं आहे की लिहून देण्याआधी गावात काय जिवंत आहे त्याची खरी यादी करावी लागेल. तरुण पोरांसाठी व्यायामशाळा असते, तिची चावी सहसा सरपंचाच्या माणसाकडं. ग्रंथालय असतं ड वर्गाचं, दोन पेपर येतात, संध्याकाळी दिवा नसतो. शाळा सुटल्यावर शाळेचं पटांगण रिकामं असतं, तिथं म्हाताऱ्या बायांना फिरायला काय हरकत आहे पण गेटला कुलूप. गावात जागा कमी नाहीत, उघड्या जागा कमी आहेत.

एक बाई सांगतो, नाव गाव काही सांगत नाही. नवऱ्यानं फवारणीचं औषध घेतलं. शेत सासऱ्याच्या नावावर, त्यामुळं आत्महत्येचं प्रकरण अपात्र ठरलं, मदत नाही. ती डोकं दुखते म्हणून यायची, दर आठ पंधरा दिवसांनी, दोन लेकरं सोबत, पॅरासिटामॉल घेऊन जायची. गोळी घ्यायची का ठेवून द्यायची देव जाणे. एक दिवस आमच्या सिस्टरनं तिला आत चहाला बसवलं आणि तासाभरात कळलं की संजय गांधी निराधार योजनेत विधवा बाईला महिन्याला दीड हजार मिळतात हे तिला माहीतच नाही, आणि ज्या शेजाऱ्याला माहीत होतं त्यानं फॉर्मचे पैसे मागितले होते. मग सुरू झाली मालिका. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून, त्यात नवऱ्याच्या नावात आणि आधारवरच्या नावात एका अक्षराचा फरक, तो दुरुस्त करा. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून, वर्षाची मर्यादा २१ हजार, म्हणजे दिवसाला साठ रुपये पण होत नाहीत. साहेब, आज निंदणाला जाणारी बाई एका दिवसात त्याच्यापेक्षा जास्त कमवते, म्हणजे खरं उत्पन्न सांगितलं तर अपात्र आणि जगायचं तर खोटं लिहायचं, असा नियम करणाऱ्यानं एक दिवस निंदायला यावं. मग बँकेत आधार लिंक कारण पैसे आता डीबीटीनं म्हणजे थेट खात्यात येतात, लिंक झालं तर अंगठा उठेना, कापूस वेचून वेचून बोटं खरखरीत झालेली. मग अर्ज समितीपुढं, समितीची मीटिंग कधी, तर होईल तेव्हा. हे सगळं तिच्यानं एकटीनं झालंच नसतं. गावातल्या बचत गटाची एक बाई, सातवी पास, बोलायला खमकी, ती तिच्यासोबत दरवेळी तहसीलला गेली, स्वतःची मजुरी पाडून. इंग्लंडात जे काम लिंक वर्कर पगार घेऊन करतो ते हिनं फुकट केलं आणि घरी गेल्यावर नवऱ्याच्या शिव्या खाल्ल्या. पैसे सुरू झाल्यावर त्या विधवा बाईचं डोकं दुखणं थांबलं असं मी म्हणणार नाही, पण खिडकीवर येणं कमी झालं आणि आली तर लेकराच्या खोकल्यासाठी यायची.

गोष्ट सांगायचं कारण हे की आपल्याकडं सोशल प्रिस्क्रायबिंग आलं तर त्याचं पहिलं औषध बागकाम नसणार, तहसीलचा कागद असणार. राशन कार्डात नाव, निराधार, श्रावणबाळ, अपंगाचं प्रमाणपत्र, पीक विमा, रोजगार हमीचं काम. इंग्लंडात पण कर्ज नि घरभाड्याचा सल्ला देणारे लोक कित्येक ठिकाणी दवाखान्यातच बसतात, ते फोटोत येत नाहीत एवढंच. एसटीचंच घ्या, ७५ वर्षांवरच्यांना फुकट, बायांना अर्धं तिकीट, छानच केलं सरकारनं, पण आमच्या फाट्यावर गाडी येते सकाळी एक, परतीची दुपारी तीही भरवशाची नाही. फुकटात बसायचं कशात?

आता आशांचं. मला पक्कं माहीत आहे की उद्या हे मुंबईत कोणाला आवडलं तर जीआर निघणार आणि त्यात शेवटच्या ओळीत असणार की सदर काम आशा स्वयंसेविकांमार्फत करण्यात यावे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हा हजार लोकसंख्येमागं एक आशा असं ठरलं, गरोदर बाया आणि लसीकरण हे मुख्य काम. त्यानंतर टीबी तिच्याकडं, कुष्ठरोग तिच्याकडं, हत्तीरोगाच्या गोळ्या, पाण्याचे नमुने, कोविड, आयुष्मान कार्ड, आभा कार्ड, सगळं तिच्याच पिशवीत. २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्या रोखायला विदर्भ मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प काढला, त्यात पण घरोघर जाऊन कोण ताणात आहे ते शोधायचं काम आशाचंच. मोबदला तुकड्यातुकड्यात, या कामाचे इतके त्या कामाचे तितके, आणि तो पण महिने महिने थकलेला, म्हणून तर २०२४ मध्ये त्या आझाद मैदानावर जाऊन बसल्या होत्या. तिला आता हे दहा कामांवर अकरावं काम म्हणून दिलं तर ती फॉर्म भरेल, फोटो टाकेल, लिंक भरेल, रिपोर्ट हिरवा होईल आणि बुढा बाकड्यावरच बसून राहील. ऐकून घेणं हे काम घाईत होत नाही हो. त्याला वेगळा माणूस पाहिजे, किंवा आशालाच द्यायचं तर तिची चार कामं काढून घ्या आणि महिन्याला ठरलेला पैसा द्या.

सगळ्या गोष्टीला पुरावा आहे असंही मी म्हणत नाही. २०१७ मध्ये बीएमजे ओपन या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडातल्या या कार्यक्रमांचा आढावा आला होता, त्यात स्पष्ट म्हटलं की अभ्यास छोटे आहेत, कच्चे आहेत, यश ठामपणे सांगता येत नाही. दुसरीकडं सॉमरसेटमधल्या फ्रूम गावाचं उदाहरण सगळे देतात, तिथं २०१३ पासून दवाखाना आणि गाव जोडून काम केलं, २०१७ संपेपर्यंत अचानक दवाखान्यात भरती व्हायचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं आणि त्याच काळात बाकी सॉमरसेटमध्ये २८ टक्क्यांवर वाढलं. आकडा भारी आहे, पण एका गावावरून सगळं ठरत नाही. एकटेपणा तब्येत खातो यात मात्र आता फारसा वाद राहिला नाही, २०२५ मध्ये डब्ल्यूएचओच्या आयोगानंच सांगितलं की जगात सहातला एक माणूस एकटेपणानं ग्रासलेला आहे आणि वर्षाला ८ लाख ७१ हजार मृत्यू त्याच्याशी जोडलेले आहेत. आपल्या लोकांना वाटतं एकटेपणा म्हणजे अमेरिकेतल्या फ्लॅटमधली गोष्ट. आमच्या गावच्या गल्लीत संध्याकाळी फिरा, एका ओळीत चार घरं अशी आहेत की आत एकेकच म्हातारं माणूस आणि एक टीव्ही.

दोन धोके पण लिहून ठेवतो. एक म्हणजे यातून गोळ्या बंद करायचा उद्योग होऊ नये. ज्याला खरंच डिप्रेशनची गोळी चालू आहे त्यानं भजनाला जावं आणि गोळी पण घ्यावी, बीपीची अ‍ॅम्लो गोळी तर कोणत्याच भजनानं सुटत नाही. आणि कोणी मरणाची भाषा करत असेल तर त्याला पारावर पाठवायचं नाही, एकटं सोडायचं नाही, १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात, आणि घरातली फवारणीची बाटली कोनाड्यातून उचलून कुलपात नाहीतर शेजाऱ्याकडं ठेवायची, ते आधी. दुसरा धोका म्हणजे सरकारची सुटका. कापसाला भाव नाही, बोंडअळीनं माल गेला, विम्याचे पैसे आले ते शंभर दोनशे रुपये, आणि डॉक्टर लिहून देणार योगा करा. असं झालं तर लोक केसपेपरची पुंगळी करून त्याच्यात चिवडा खातील, आणि चूक त्यांची नसेल.

तरी मला हे हवंय. आमच्या पीएचसीपुरतं तरी करून बघा म्हणतो मी. एक माणूस, शक्यतो त्याच भागातली बाई, जिला तहसीलच्या पायऱ्या माहीत आहेत आणि जिला लोक दारात उभं करतात. ठरलेलं मानधन, प्रवासाचा खर्च, डॉक्टरांसोबत आठवड्याला एक बैठक. तिच्याकडं एक रजिस्टर, कोणाला कुठं पाठवलं, गेला का, परत गेला का, नाही गेला तर का नाही गेला. फोटो आणि जिओटॅग अजिबात नको, मन मोकळं करणाऱ्या बाईचा फोटो कायले पाहिजे कोणाला. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला जो १० हजारांचा निधी येतो त्यातून तबल्याला चामडं बसू शकतं, ग्रंथालयात बल्ब लागू शकतो, हा खर्च आरोग्याचा नाही असं जो ऑडिटर म्हणेल त्याच्यासाठी वरून एक ओळीचं पत्र काढून ठेवा म्हणजे ग्रामसेवक घाबरणार नाही. सेवाग्रामला मेडिकलची पोरं पहिल्याच वर्षी खेड्यात जाऊन राहतात, त्यांच्याकडून गावाची यादी करून घेता येईल, त्यांचंही शिक्षण होईल.

आणि तुमच्यासाठी एक विनंती. पुढच्या पुरवणीत या विषयावर परत लेख घेणार असाल तर इंग्लंडातल्या बागेचा फोटो नका टाकू, त्या जागेत आपल्या भागातल्या एकेका तालुक्याचं नाव छापा आणि समोर फक्त एवढंच लिहा की तिथल्या संजय गांधी निराधार समितीची मीटिंग शेवटची कोणत्या तारखेला झाली आणि किती अर्ज पडून आहेत. तहसीलमध्ये विचारलं तर सांगतात, नाही सांगितलं तर माहितीच्या अधिकारात टाका, कोर्ट फी स्टॅम्पचे दहा रुपये मी देतो.

आपला,
एक निवृत्त औषध निर्माण अधिकारी
ता. दर्यापूर, जि. अमरावती